बोतांव

मदालेनाच्या धक्क्यावरून ऑर्टाला जाणाऱ्या बोटीचं
तिकीट घरबसल्या मिळू लागलं, ते माझ्यामुळे.
दोन बेटांच्या मध्ये अर्ध्या तासाचा समुद्र,
माझं पानही तसंच, निळं, गुळगुळीत.
इलीदिउ, आमचा मालक, म्हणाला, "देखणं झालंय."
झालंच होतं.

आठ दिवसांनी दिओलिंदाचा फोन.
ती सदरे शिवते, बोटीवरच्या खलाशांचेसुद्धा.
डोळे विसाव्या वर्षीच गेले.
"तुझं पान मुकं आहे की माझ्याशीच बोलत नाही?"

गेलो. टेबलावर रिळं, कात्री, लॅपटॉप
आणि गुंड्यांनी भरलेली एक बशी.
तिनं आधी पडदा काळा केला.
"मला तसाही लागत नाही. आता तू काढ तिकीट.
माउसला हात लावायचा नाही."

टॅब दाबला. पुन्हा टॅब.
यंत्राचा आवाज धावत सुटला:
दुवा. चित्र, नाव नाही. चित्र, नाव नाही.
रकाना.
रकाना.
कशाचा, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.
मग पान संपलं.
"तिकीट घ्या" आलंच नाही.
माझ्याच घरात मी भिंती चाचपत होतो
आणि दार मीच रंगवलं होतं, भिंतीवर.

खरं सांगतो, ते बटण नव्हतंच.
नुसता एक डबा, पोकळ, बिनओळखीचा.
त्याला मी गोलाई दिली, सावली दिली,
बाण जवळ आला की उजळायची अदा दिली,
वर नावही ठेवलं: बटण.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दिओलिंदानं बशीतली एक गुंडी
माझ्या तळहातावर ठेवली.
आमच्यात गुंडीलाही बोतांव म्हणतात,
दाबायच्या बटणालाही,
आणि न उमललेल्या कळीलाही.
"सदऱ्यावर गुंडी रंगवून दिली तर चालेल तुला?
लांबून झकास दिसेल. पोट उघडंच."

शेवटची बोट चुकली ती चुकलीच.
तिच्याच टेबलाशी बसून
दोनशे चौदा ओळी खोडल्या.
त्यांच्या जागी एक शब्द, सहा अक्षरांचा,
ब्राउझरला मुळातूनच येणारा.
तो शिकवावा लागत नाही.
टॅब आला की थांबतो,
एंटर दाबला की दबतो,
आपण कोण, ते आपणच सांगतो.
इतके दिवस मी त्याला नको म्हणत होतो
कारण तो फार साधा दिसायचा.

लेबलं नुसती रकान्यांशेजारी उभी होती.
आता एकेक गाठ मारून बांधली.
नियमांचं लांबलचक भेंडोळं
घडीच्या खुणेत ठेवलं.
यंत्र म्हणालं, "तिकीट रद्द करणे. मिटलेलं."
तिनं एंटर दाबला. "उघडलेलं."
दोन वाक्यं ऐकली. "बापरे. मीट परत."

आपण कुठे उभे आहोत हे दाखवणारी कड
इलीदिउला खुपायची, म्हणून मी पुसली होती.
ती परत आणली, जाड, पिवळी.
सकाळी फोनवर तो: "हे काय भलतंच?"
म्हटलं, "बंदरावरचा दिवा कुरूप आहे म्हणून
रात्री विझवतोस का?"
तो काहीतरी पुटपुटला. कड राहिली.

आणि मग ते ऐकू आलं,
दिओलिंदाच्या यंत्राच्या घाईघाईच्या आवाजात:
तिकीट घ्या. बोतांव.
तिनं दाबलं.
साडेआठची बोट, एक जागा,
ऑर्टाला, बहिणीकडे, जेनोवेवाकडे.
मी टाळी वाजवणार होतो.

"आणि परतीचं?" ती म्हणाली.

परतीच्या तारखेला अजून माझंच कॅलेंडर आहे,
एकतीस डबे, एकतीस सोनूबाई.
ते काढायचंय.
ती तोवर खिडकीवर तिकीट घेईल म्हणते,
कुरकुरत.

गुंडी माझ्या खिशात आहे.
द्यायची राहिली.